वॉर्सातला एक तास आणि १४० पानांची वही

एका वाचकाचं पत्र आलंय. ओळख पटणार नाही इतपत बदल करून थोडक्यात सांगते. वय २४, मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, सध्या पुण्यात एका कंपनीत सपोर्टला, बहुतेक नाईट शिफ्ट. बारावीच्या सुट्टीत मित्राच्या पीसीवर 'द विचर ३' खेळला आणि तेव्हापासून तो गेम पाच वेळा संपवलाय. मावसबहीण लग्न होऊन पोलंडला, वॉर्सात असते, दाजी तिथे आयटीत आहेत. दाजींचा एक मित्र सीडी प्रोजेक्ट रेडमध्ये म्हणजे हा गेम बनवणाऱ्या स्टुडिओतच काम करतो, आणि तो म्हणालाय की आलास तर परवानगी काढून तासभर आत फिरवून आणतो. आता प्रश्न असे. दोन वर्षांत साठवलेले सगळे १ लाख ८० हजार ह्यासाठी घालवावेत का? त्याच्याकडे १४० पानांची वही आहे, पुढच्या विचर गेमची कथा, पात्रं, नकाशे असलेली, २०२१ पासून लिहितोय, त्यात सिरी (विचर ३ मधली नायकाची मानसकन्या) मुख्य पात्र आहे आणि चाळीसेक पानं आपल्याकडच्या साती आसरा आणि मुंजावर आहेत. ती वही तिथे कुणाच्या तरी हातात द्यावी का, कारण "एकदा कोणी वाचली तर मला खात्री आहे". दाजींना वहीबद्दल सांगितलेलं नाही. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "ताई, आतून बघितलं की सगळी जादू जाईल अशी भीती पण वाटते."

मित्रा, तुला 'तू' म्हणतेय, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस, 'तुम्ही' लिहायला हात वळत नाहीये.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मुख्य प्रश्न पैशाचा आहे, रात्री जागून साठवलेले पैसे आहेत ते, साधी गोष्ट नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या एका वाक्यावर अडकले, की दाजींना वहीचं सांगितलेलं नाही. बाकी सगळं सांगितलंयस त्यांना, तारखा, बजेट, कुठला टीशर्ट घालणार ते सुद्धा. मग वहीच का राहिली? मला वाटतं तुलाही आतून माहितीये की सांगितलं तर ते नको म्हणतील. म्हणून मी वहीपासूनच सुरुवात करते, तिचं काय करायचं ते ठरलं की जायचं का आणि किती खर्च करायचा हे बऱ्यापैकी सोपं होतं.

मी हे कुठून बोलतेय ते आधी सांगते. सदर लिहायला लागायच्या आधी मी सहा वर्षं एका ऍनिमेशन स्टुडिओत प्रॉडक्शनला होते, गेमचा नव्हता तो, पण पाहुणे आले की त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे असायचं. पाहुणे येणार म्हटलं की आदल्या दिवशी सगळ्यांना मेल जायचा, उद्या चार ते पाच स्क्रीन बंद ठेवा, बोर्ड पुसून ठेवा, टेबलावर प्रिंट नकोत. म्हणजे पाहुण्याला जे दिसायचं ते काम थांबवलेलं ऑफिस. एकदा आमच्यातल्याच एकाने आपल्या भाच्याला आणलं होतं, गोड पोरगा, डोळे असे चमकत होते त्याचे. त्याने एका मॉनिटरचा फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. हेतू अजिबात वाईट नव्हता. पण तो सीन बाहेर न आलेला होता, दोन तासांत फोटो क्लायंटपर्यंत पोचला आणि आमच्या त्या माणसाला प्रोजेक्टवरून काढलं. भाच्याला कोणी एक शब्द बोललं नाही, भोगलं ते मामाने. तो नंतर बरेच महिने कुणाशी नीट बोलायचा नाही हे मी जवळून बघितलंय, म्हणून तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात आधी त्या दाजींच्या मित्राची काळजी वाटली, ज्याला तू अजून एकदाही भेटलेला नाहीस आणि जो तुझ्यासाठी स्वतःचं नाव पणाला लावतोय.

आणि हा स्टुडिओ आधीच पोळलेला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या सिस्टीममध्ये हॅकर घुसले, डेटा लॉक केला, सोर्स कोड म्हणजे गेमचा मूळ प्रोग्राम नेला आणि खंडणी मागितली. त्यांनी पैसे देणार नाही असं जाहीरच करून टाकलं, आणि मग तो चोरलेला कोड नेटवर लिलावाला निघाला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये रॉकस्टार ह्या दुसऱ्या मोठ्या स्टुडिओच्या जीटीए ६ ह्या गेमच्या ढीगभर अर्धवट क्लिप बाहेर आल्या, ट्रेलर यायच्या कितीतरी आधी. त्यामुळे कुठल्याही मोठ्या गेम स्टुडिओत पाहुण्याने सही करायचा कागद, फोटोला बंदी आणि कायम कोणीतरी सोबत, हे सगळं असणार हे धरूनच चाल. तुझ्यावर संशय आहे म्हणून नाही, असे अनुभव येऊन गेलेत म्हणून.

आता वही. तू स्वतःच लिहिलंयस की डिसेंबर २०२४ मध्ये विचर ४ चा ट्रेलर आला, त्यात सिरी मुख्य पात्र निघाली, आणि तू मित्रांना म्हणालास "हे मला तीन वर्षं आधी सुचलं होतं". खरंच सुचलं असणार, मी मानते, विचर ३ संपवलेल्या जगातल्या हजारो पोरापोरींना तेच सुचलं असणार. आता जरा कल्पना कर की २०२२ मध्ये तू ती वही तिथल्या एखाद्या माणसाला दिली असतीस. आणि मग तो ट्रेलर बघितला असतास. तुला काय वाटलं असतं? माझी आयडिया घेतली, असंच ना? तू भांडला नसतास कदाचित, पण मनात एक काटा कायमचा राहिला असता, आणि ज्या माणसाने वही घेतली त्याला त्याच्या कंपनीच्या वकिलांनी बोलावून विचारलं असतं की बाबा तू ही वाचली होतीस का, कुणाला दाखवली होतीस का. म्हणूनच मोठे स्टुडिओ बाहेरून आलेल्या कथा आणि कल्पना सहसा वाचतच नाहीत, पाकीट न उघडता परत करतात किंवा सरळ फाडून टाकतात. तो उद्धटपणा नाही. वाचलंच नाही तर चोरलं कसं म्हणणार, एवढा साधा हिशोब आहे.

ह्या गेमच्या बाबतीत तर कोणाचं काय हा विषय अजूनच नाजूक. मूळ कथा एका पोलिश लेखकाच्या, त्यांनी गेमचे हक्क सुरुवातीला एकरकमी पैसे घेऊन दिले होते, गेमच्या नफ्यातला हिस्सा घेतला नव्हता. गेम जगभर गाजल्यावर २०१८ मध्ये त्यांच्या वकिलांनी ६ कोटी झ्लॉटींपेक्षा (पोलंडचं चलन) जास्त मागितले आणि डिसेंबर २०१९ मध्ये दोघांनी नवा करार केला. त्या घरात कागद हातात घ्यायच्या आधी लोक दहादा विचार करत असतील तर त्यांचं काय चुकलं, सांग.

पण वकील वगैरे बाजूला ठेवू. मला तुझ्या मनातलं एक गृहीत जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे त्यांच्याकडे कल्पना कमी आहेत आणि तुझी वही ती कमतरता भरून काढेल. अरे, विचर ३ ला साडेतीन वर्षं लागली, स्टुडिओतली दोन-अडीचशे माणसं आणि बाहेरची धरून जगभरातल्या सुमारे १५०० लोकांचा हात त्याला लागला. रिलीज दोनदा पुढे ढकलला, २०१४ चा शेवट म्हणता म्हणता फेब्रुवारी आणि मग १९ मे २०१५. ते कल्पना संपल्या म्हणून नाही ढकललं, बनवलेलं नीट चालत नव्हतं, बग काढायचे होते म्हणून. तिथल्या प्रत्येक माणसाच्या ड्रॉवरमध्ये अशा चार वह्या असतील ज्या गेममध्ये गेल्याच नाहीत. त्यांना कमी पडतो तो वेळ, आणि कमी पडतात ती हातातलं काम शेवटपर्यंत नेणारी माणसं.

आणि वही देणार कुणाला? तुझ्या डोक्यात विचर ३ बनवणारी जी टीम आहे ती तशीच्या तशी तिथे बसलेली नाहीये. गेम डायरेक्टर २०२१ मध्येच बाहेर पडले आणि वॉर्सातच स्वतःचा नवा स्टुडिओ काढला, रेबेल वुल्व्ह्ज नावाचा, आणखी काही जुने लोक त्यांच्याकडे गेलेत. दहा वर्षांत कुठल्याही ऑफिसात होतं तेच. दाजींचा मित्र कदाचित विचर ३ नंतर लागला असेल, कदाचित तो लायटिंग करत असेल किंवा पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळत असेल, तू पत्रात ते लिहिलं नाहीयेस, मला वाटतं तू विचारलंही नसावंस. विचार. त्याचं काम काय आहे ते आधी समजून घेऊन गेलास तर तो तास निम्मा तिथेच सार्थकी लागेल.

ह्याच गेमच्या बाबतीत फॅनचं काम खरोखर आत गेल्याचं उदाहरण आहे, ते ऐक. एका फॅनने वर्षानुवर्षं बसून विचर ३ चे दगड, झाडं, भिंती सगळं जास्त बारकाईने परत बनवलं, एचडी रिवर्क्ड नावाचा मोड (म्हणजे फॅनने गेममध्ये केलेला बदल), आणि फुकट वाटला. डिसेंबर २०२२ मध्ये स्टुडिओने नव्या पिढीच्या कन्सोलसाठी मोठा अपडेट काढला तेव्हा त्याचं काम अधिकृतपणे त्यात घेतलं. त्यांच्याच सायबरपंक ह्या गेमसाठी मोडिंगची टूल्स बनवणाऱ्या काही फॅन्सना २०२१ मध्ये त्यांनी थेट कामावरच घेतलं. ह्यातल्या कुणीही "मला काय सुचलंय" ते सांगायला गेलं नव्हतं, चालणारी वस्तू सगळ्यांसमोर ठेवली होती, ती लोक वापरत होते. आणि आता तर तुला कोणाच्या परवानगीचीही गरज नाही, मे २०२४ मध्ये त्यांनी रेडकिट म्हणून विचर ३ चं एडिटर फुकट दिलंय, पीसीवर गेम असला की झालं, त्यात स्वतःचे क्वेस्ट, म्हणजे गेममधल्या छोट्या कामगिऱ्या, बनवता येतात. १४० पानं नको, एक क्वेस्ट घे. एक गाव, दोन पात्रं, एक निर्णय, दहा मिनिटांचा. तेवढं बनवायला तुला चार-पाच महिने लागतील आणि त्यात तुला कळेल की ह्या कामातलं काय आवडतं आणि काय अजिबात आवडत नाही.

आता ती चाळीस पानं, आसरा आणि मुंजाची. पत्रात तू त्यांचा उल्लेख जाताजाता केलायस, पण नमुना म्हणून जी दोन पानं पाठवलीस ती नेमकी त्यातलीच निघाली, पंचगंगेच्या डोहाजवळ पोराला हाक ऐकू येते ते. मी रात्री वाचली आणि दिवा चालू ठेवून झोपले. सिरीची पानं दुसरा कुणीही लिहू शकतो, ही नाही. विचरमध्ये दुपारच्या उन्हात शेतात दिसणारी ती बाई आहे ना, ती त्यांच्या लोककथेतली पोवुद्नित्सा, भर दुपारी शेतात थांबणाऱ्याला धरणारी. आपल्याकडे आजी सांगायची की बाराच्या टायमाला पिंपळाखाली जाऊ नको, तशीच. पाण्यात ओढणारे त्यांचे भुतं वेगळे, आपल्या आसरा वेगळ्या, पण भीती एकाच घरची. त्या लोकांनी आपल्या आजीच्या गोष्टी आपल्या पद्धतीने सांगितल्या आणि त्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोरापर्यंत पोचल्या, मग तू तुझ्या आजीच्या गोष्टी त्यांच्या जगात नेऊन का सोडतोयस? त्या तुझ्याकडे ठेव. सिरी त्यांची आहे, तिला घेऊन तू काही विकू शकत नाहीस, पण डोहातली हाक पूर्णपणे तुझी आहे. ट्वाइनसारख्या फुकट टूलमध्ये नुसत्या मजकुरावर चालणारी छोटी गोष्ट बनव, जमलं तर पुढे गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिक, तेही फुकट आहे. पुण्यातच नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या टीमने 'राजी' हा गेम बनवला, २०१७ मध्ये लोकवर्गणीसाठी मोहीम केली ती पूर्ण झाली नाही, तरी मागे लागून राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निंटेंडो स्विचवर आला. तू राहतोस त्याच शहरात, आणि तुझ्या पत्रात त्याचं नावही नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

जादू जाईल ह्या भीतीबद्दल. माझे वडील कोल्हापूरचे. लहानपणी ते आणि त्यांचे मित्र जयप्रभा स्टुडिओच्या गेटबाहेर तासन्‌तास उभे राहायचे, कुणी हिरो दिसतोय का बघत. एकदा तिथल्या एका सुताराने त्यांना आत घेतलं. आत राजवाडा होता, समोरून अगदी खरा, आणि मागे जाऊन बघितलं तर नुसते बांबू, फळ्या आणि रंगाचे डबे. आम्ही विचारायचो, बाबा मग वाईट नाही वाटलं? तर ते म्हणायचे, वाईट कसलं, उलट त्यानंतर प्रत्येक पिक्चरमध्ये मी भिंतीकडेच बघायचो, ही कुणी उभी केली असेल. आयुष्यभर त्यांचं पिक्चरचं वेड कमी झालं नाही. गेममध्येही तसंच आहे. फॉलआउट ३ च्या एका भागात आपण ट्रेनमध्ये बसून जातो ना, तर त्या गेमच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या ट्रेनची सोयच नव्हती, म्हणून बनवणाऱ्यांनी ट्रेनचा डबा चिलखतासारखा पात्राच्या अंगावर चढवला. हे कळल्यावर मला तो गेम जास्त आवडायला लागला. तुझी लाडकी रोच, विचरमधली घोडी, घराच्या छपरावर जाऊन उभी राहायची त्या बगचं तर त्यांनी पुढे ग्वेंट ह्या त्यांच्या पत्त्यांच्या गेममधल्या पत्त्यावर चित्र केलं. ज्याचं प्रेम नुसत्या दिसण्यावर असतं त्याचं कदाचित जात असेल, पण तू पाच वेळा खेळलायस, तुझं तसलं नाही.

तरी काही गोष्टी बघून तुला वाईट वाटू शकतं आणि त्याची तयारी असू दे. दमलेली माणसं दिसतील. गेमच्या धंद्यात रिलीजच्या आधी महिनोन्‌महिने जादा तास काम चालतं हे लपलेलं नाही, ह्या स्टुडिओबद्दलही त्यावर जाहीर चर्चा झालीये. सायबरपंक १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका वाईट चालला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, जून २०२१ मध्ये परत घेतला, आणि खऱ्या अर्थाने लोकांनी त्याला पुन्हा जवळ केलं ते सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये तारीख तीन आठवडे पुढे ढकलली म्हणून तिथल्या लोकांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, फॅन्सकडून. फॅन म्हणवणाऱ्यांकडून. तू दारातून आत जाशील तेव्हा ह्या सगळ्या आठवणी असलेल्या माणसांसमोर एक फॅन म्हणून उभा असशील, एवढं लक्षात ठेव.

मग न्यायचं काय? एक पान. हो, एकच, हाताने लिहिलेलं, इंग्रजीत. तू पत्राच्या मधेच लिहिलंयस की तुझे काका पितात, घरात काय काय होतं, आणि ब्लडी बॅरनचा क्वेस्ट खेळताना त्या दारुड्या बापाचा राग यायच्या ऐवजी तुला रडू आलं आणि तू दोन दिवस गेम उघडलाच नाहीस. हे लिही. कुठल्या वर्षी, कुठल्या खोलीत, काय वाटलं, नंतर काकांशी तू कसं बोललास. त्यात कल्पना नको, मागणी नको, रिझ्युमे नको. आमच्याकडे सहा वर्षांत अशी तीन पत्रं आली होती आणि तिन्ही मी स्टुडिओ सोडला तेव्हाही पॅन्ट्रीच्या भिंतीवर होती. असं पत्र मित्राच्या हातात द्यायला कुठल्याच कंपनीची हरकत नसते, तरी त्याला आधी विचारून घे.

तिथे गेल्यावर फोन बॅगेत, कोणी मागायच्या आधीच. कागद दिला तर वाचून सही कर, नुसती सही ठोकू नको. विचर ४ बद्दल एकही प्रश्न विचारू नको, समोरच्याला उत्तर देता येत नाही आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. त्यापेक्षा विचार, ह्या आठवड्यात तुम्ही काय दुरुस्त केलं, कुठे अडकलात, तुम्ही ह्या कामात कसे आलात. ह्या प्रश्नांनी माणसं खुलतात हा माझा अनुभव आहे. आणि तासाला पाच मिनिटं असताना तूच म्हण, निघतो आता. खाऊ न्यायचा तर चिक्की, सुकामेवा असं काहीतरी ने, पेढे-बर्फी नको, युरोपात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत.

पैशाचं आता. एका तासासाठी १ लाख ८० हजार? नाही, माझं स्पष्ट नाही. तो तास आदल्या दिवशी रद्द होऊ शकतो, डेडलाईन आली, कुणी मोठा माणूस आला, मित्र आजारी पडला, काहीही. मग स्वतःला विचार, तो तास झालाच नाही तरी ही ट्रिप मला हवी होती का? बहिणीला तीन वर्षं भेटला नाहीस हे तू लिहिलंयस, म्हणजे तेच मुख्य कारण धर आणि स्टुडिओ वरचं. व्हिसाच्या अर्जातही खरं तेच लिही, नातेवाईकांकडे आणि फिरायला. पोलंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे, नाकारला तर परत मिळत नाही, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं तिकीट काढू नको. राहणं बहिणीकडे, त्यामुळे मोठा खर्च तिकिटाचाच, आणि निदान साठ हजार तरी खात्यात राहिले पाहिजेत असं बसव, नाही बसलं तर सहा महिने थांब, स्टुडिओ कुठे पळून जात नाही.

आणि तू तर कोल्हापूरकडचा. दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, तुझ्या गावाजवळ वळिवड्याच्या कॅम्पमध्ये येऊन राहिले होते, १९४३ पासून १९४८ पर्यंत. त्याची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. तिथे जा, फोटो काढ, तिथे फोटोला बंदी नाही. जुनं शहर बघ, युद्धात पार जमीनदोस्त झालेलं, लोकांनी परत उभं केलेलं. वॉर्सातल्याच इलेव्हन बिट नावाच्या स्टुडिओने 'धिस वॉर ऑफ माइन' बनवलाय, वेढा पडलेल्या शहरातल्या साध्या माणसांचा गेम, २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने तो शाळेच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतला. जायच्या आधी तो खेळ आणि मग त्या रस्त्यांवरून चाल, वेगळंच वाटेल.

नाही गेलास तरी काही बिघडत नाही हे पण सांगून ठेवते. गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सची शेकडो व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत, बनवणारी माणसं स्वतः सांगतात काय चुकलं आणि कसं सुधारलं, एका तासाच्या फेरीत त्यातलं दहा टक्के पण कोणी सांगणार नाही. जानेवारीच्या शेवटी ग्लोबल गेम जॅम असतो, थोड्या दिवसांत अनोळखी लोकांबरोबर एक गेम बनवायचा, आपल्याकडच्या शहरांतही होतो. तुझ्यासारख्याला तो स्टुडिओच्या फेरीपेक्षा जास्त देईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ह्याच निमित्ताने दोन आयांची पत्रं आठवली, मुलांना पुण्यातला एखादा गेम स्टुडिओ दाखवायचाय म्हणून विचारत होत्या. नुसतं गेटवर जाऊन उभं राहू नका, शाळा किंवा कॉलेजकडून पाच-दहा जणांच्या गटासाठी मेल करा, महिना-दोन महिने आधी, आणि नाही आलं तर वाईट वाटून घेऊ नका. क्योटोला निंटेंडोच्या हेड ऑफिसबाहेरसुद्धा जगभरातले लोक फक्त पाटीसोबत फोटो काढून परत जातात, आत प्रवेश नाहीच, जवळच उजीत मात्र त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये म्युझियम उघडलं. छोट्या स्टुडिओत पाच माणसं असतील तर तुमच्यासाठी एक तास म्हणजे त्यांचे पाच तास जातात, ते धरून विचारा.

आता तुझं आजचं काम. शिफ्टच्या आधी दाजींना फोन कर, तिकडे दुपार असेल. सांग की माझ्याकडे एक वही आहे, मी ती तिथे द्यायचा विचार करत होतो, तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता देणार नाहीये, आणि तुमच्या मित्राला माझ्यामुळे त्रास होणार असेल तर भेट रद्द केली तरी चालेल. ते बहुतेक आधी हसतील आणि मग विचारतील की वहीत आहे तरी काय एवढं. तेव्हा सिरीचं काही सांगू नको, डोहातल्या हाकेची गोष्ट सांग.